पुढचे शॉकप दर हंगामात का जातात? खेड्यातल्या रस्त्यावरच्या स्पोर्टी गाडीसाठी स्प्रिंग आणि शॉकप निवडताना

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. हलकी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, वळणावर धार यावी म्हणून टाकलेल्या लोअरिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) स्प्रिंगा, शॉकप (शॉक ॲब्झॉर्बर) मात्र गाडीबरोबर आलेलेच. सुरुवातीला गाडी झकास वाटते. हिंगणघाट ते पांढरकवडा हा राष्ट्रीय महामार्ग ४४ चा पट्टा तिच्यासाठीच बांधलाय असं वाटतं. पण महामार्ग सोडून गावाच्या डांबरी रस्त्याला लागलं की ब्रेकरवर पुढून 'धप्प' आणि खड्ड्यात 'टक' असा आवाज यायला लागतो. पावसाळा संपून कापसाच्या गाड्या सुरू होईपर्यंत शॉकपवर तेलाचा ओघळ दिसतो. मिस्तरी नवा जोड टाकतो. पुढच्या हंगामात परत तोच ओघळ, तोच आवाज. मग मिस्तरीही गोंधळतो: "माल त ओरिजिनलच टाकला होता भाऊ, मंग गेला काऊन?"

गाडी मूळ उंचीवर आहे, शॉकप भरपूर चालून एकदाच गेले, अशांनी सरळ नवा जोड टाकावा आणि निघावं. हे लिखाण ज्यांचे शॉकप पुन्हा पुन्हा जातात त्यांच्यासाठी आहे. अशा गाड्यांमध्ये शॉकपच्या दर्जावर खापर फोडून काहीच सुटत नाही. त्या शॉकपला वरखाली चालायला जागाच उरलेली नसते. स्प्रिंग निवडताना पहिला प्रश्न उंचीचा किंवा कडकपणाचा नाही, किती प्रवास शिल्लक राहतो याचा आहे. हे ध्यानात न घेता कितीही महागडा शॉकप टाकला तरी आपल्याकडच्या रस्त्यांवर तो टिकणार नाही.

उघडल्यावर काय दिसतं

घाटंजीकडच्या एका मित्राच्या गाडीचा पुढचा डावा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकपचा एकत्र जोड, उघडला तेव्हा सगळी गोष्ट समोर टेबलावर होती. वरच्या टोकाला बसणारा बंप स्टॉप, म्हणजे तो पिवळसर फोमसारखा रबरी ठोकळा, बोटाने दाबला तर त्याचा भुगा हातात आला. अर्धा आधीच पडून गेलेला. धूळ अडवणारं रबरी बूट त्याच्याच आधाराने उभं असतं, तेही सुटून खाली नळीवर गोळा झालं होतं. शॉकपची क्रोम केलेली दांडी उघडी, तिच्यावर तेल आणि काळी माती मिळून झालेला चिकट लेप. तो कापडाने पुसल्यावर दांडीवर उभे बारीक चरे दिसले आणि नखाला लागतील असे गंजाचे टिपके. दांडीच्या वरच्या भागात आडवे ओरखडेही होते. मागच्या वेळी कोणीतरी वरचं नट फिरवताना दांडी पकडीने धरली होती, तिच्या दातांचे ते व्रण.

यातून बिघाडाची साखळी सरळ लागते. गाडी खाली बसवली, त्यामुळे शॉकपची नळी बंप स्टॉपच्या अगदी जवळ आली. प्रत्येक ब्रेकरला, प्रत्येक खड्ड्याला नळी त्यावर आदळते. बंप स्टॉप अधूनमधून दबण्यासाठी असतो, रोज चिरडला जाण्यासाठी नव्हे, म्हणून तो फुटतो. तो फुटला की बूट सुटतं. बूट सुटलं की दांडी धुळीत आणि चिखलात चालते, आणि दर वेळी तीच धूळ तेल-सीलमधून आत-बाहेर ओढली जाते. सील कापलं जातं, तेल बाहेर येतं. दुसरीकडे बंप स्टॉप नसल्याने मोठ्या खड्ड्यात धातूवर धातू आदळतो, तो मार आतल्या व्हॉल्व्हला आणि वर स्ट्रट माउंटच्या बेअरिंगला बसतो.

आणि दुरुस्तीच्या वेळी काय होतं? नवा शॉकप येतो, त्यावर जुना फुटका बंप स्टॉप आणि जुनं फाटकं बूट परत चढवलं जातं. नवा शॉकप पहिल्या दिवसापासून त्याच साखळीत अडकतो.

आपल्याकडे हे जास्त होण्याचं कारण जमिनीत आहे. काळी कपाशीची माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी थोडा थोडा वाकत जातो. वरून खडी नीट दिसते, पण गाडीखाली लांब लांब लाटा असतात आणि कडेची डांबराची धार खचलेली असते. वणी, चंद्रपूरकडे कोळशाचे ट्रक त्यावर चाकोऱ्या पाडतात. शिवाय एकपदरी रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की आपली डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागतात, मग परत धारेवर चढवावी लागतात. म्हणूनच या भागात पुढचा डावा शॉकप उजव्याच्या आधी जातो. एकच बाजू गेली म्हणून तो तुकडा सदोष होता असा निष्कर्ष काढू नका.

ब्रेकरचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गाडी त्यावर चढते आणि उतरते. गावच्या वेशीवर उरलेल्या डांबरातून भरलेला ब्रेकर उंचीला तेवढाच किंवा जास्त, पण रुंदीला हातभर असतो. तिथे चाक चढत नाही, आदळतं.

काही विकत घेण्याआधी मोजा

यासाठी गॅरेजची फार गरज नाही. टेप, टॉर्च, एक-दोन केबल टाय आणि सपाट जागा पुरते. जिनिंगचा सिमेंटचा ओटा किंवा धान्य वाळवायचा कोबा उत्तम. टायरमधली हवा नीट भरा, टाकी अर्धी ठेवा, चालकाच्या जागेवर कोणाला तरी बसवा.

आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की तो आकडा निरुपयोगी होतो.

मग पुढचं चाक एका बाजूला पूर्ण वळवा, टॉर्च घेऊन स्प्रिंगच्या वेढ्यांमधून आत पाहा. बूट वर सरकवलं की दांडी दिसते. शॉकपच्या नळीच्या तोंडापासून बंप स्टॉपच्या खालच्या टोकापर्यंत किती मोकळी जागा आहे ते मोजा. सगळ्या मापांत हे माप मोलाचं. उदाहरणार्थ, मूळ उंचीवर ही जागा ४० मिलिमीटर असेल आणि गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली, तर उरतात जेमतेम १० ते १२.

आता हिशोब बघा. स्प्रिंग दबताना जी ऊर्जा पचवते ती कडकपणाला दबण्याच्या अंतराच्या वर्गाने गुणून येते, त्याच्या निम्मी. म्हणजे प्रवास अर्धा केला तर तोच झटका पचवायला स्प्रिंग चौपट कडक लागते. चाळीसऐवजी दहा मिलिमीटरच दिले तर सोळापट. बाजारात मिळणारी लोअरिंग स्प्रिंग साधारण वीस-तीस टक्के कडक असते. उरलेला सगळा मार बंप स्टॉपने खायचा. तो हंगामात का फुटतो याचं उत्तर या एका गणितात आहे.

त्याच वेळी दांडीवर, नळीच्या तोंडाला टेकून, एक केबल टाय हलक्या हाताने बांधा. आपल्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्याच वेगाने फिरून या. नळीने तो टाय वर ढकललेला असेल. गाडी परत त्याच सपाट जागी उभी करून टाय आणि नळी यांच्यातलं अंतर मोजलं की सस्पेन्शन जास्तीत जास्त किती दबलं ते कळतं. हे अंतर मोकळ्या जागेहून जास्त भरत असेल तर गाडी बंप स्टॉपवर जाते आहे. थोडी जाणं ठीक, कारण उत्पादक बंप स्टॉपला शेवटच्या टप्प्यातली मऊ स्प्रिंग म्हणूनच बनवतो. टाय दांडीच्या टोकापर्यंत, बंप स्टॉपला चिकटून दाबलेला सापडला तर मात्र स्प्रिंग बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुढचं माप वजनाचं. जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या धरमकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं. पाच-दहा किलो इकडेतिकडे झालं तरी आपलं काम भागतं. समजा पुढच्या दोन चाकांवर मिळून ७०० किलो आले. एका चाकावर ३५०. त्यातून चाक, ब्रेक, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांचे साधारण ३५ किलो वजा केले की स्प्रिंगवर उभं असलेलं वजन ३१५ किलो. याच आकड्यावर पुढची निवड होते.

स्प्रिंग

स्प्रिंगच्या पाकिटावर काहीही छापलेलं असो, तिचा कडकपणा व्हर्नियर कॅलिपरने घरी काढता येतो. तारेची जाडी चार वेळा स्वतःशी गुणा आणि ७९,००० ने गुणा. त्याला भागा: ८ गुणिले वेढ्याचा मध्यव्यास तीन वेळा गुणून गुणिले चालू वेढ्यांची संख्या. मापं मिलिमीटरमध्ये, उत्तर न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये. वरखाली सीटला (स्प्रिंग टेकते त्या बशीला) चिकटून बसलेले वेढे चालू धरायचे नाहीत. १२ मिलिमीटर तार, १३० मिलिमीटर व्यास, साडेचार चालू वेढे असतील तर स्प्रिंग सुमारे २०.७ न्यूटन प्रति मिलिमीटर निघते.

तार फक्त अर्धा मिलिमीटर जाड केली, १२.५, की ती २४.४ होते. अठरा टक्के वाढ. १३ मिलिमीटरला २८.५. म्हणून दोन स्प्रिंगा डोळ्यांना सारख्या दिसल्या तरी हातात कॅलिपर घ्यावाच.

हाच हिशोब वेढा कापण्याबद्दलही सांगतो. साडेचारातला एक वेढा कापला की स्प्रिंग २६.६ वर जाते, म्हणजे अठ्ठावीस टक्के कडक, आणि गाडी खाली बसते. पण कापलेलं टोक सीटमध्ये नीट बसत नाही, आणि जॅकवर चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन सीटवरून सरकू शकते. गॅस कटरने कापली असेल तर तिथलं पोलाद उष्णतेने बिघडतं आणि पुढे तुटतं. माझं मत स्पष्ट आहे: कापलेली स्प्रिंग कोणत्याही गाडीत घालू नये, कोणी फुकट करून देत असेल तरी.

स्प्रिंगचा कडकपणा थेट चाकाला मिळत नाही. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये चाक जेवढं हलतं त्याच्या साधारण ९५ टक्के स्प्रिंग हलते, आणि चाकाशी मिळणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे सुमारे ०.९ पट होतो. २०.७ ची स्प्रिंग चाकाला १८.७ ची वाटते. आता चाकाचा कडकपणा न्यूटन प्रति मीटरमध्ये घ्या, म्हणजे १८,७००, त्याला ३१५ ने भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ ने भागा. उत्तर १.२३ हर्ट्झ. गाडीचं अंग त्या कोपऱ्यावर सेकंदाला इतक्या वेळा वरखाली व्हायला पाहतं. १२.५ च्या तारेला हेच १.३३ होतं आणि १३ च्या तारेला १.४४.

साध्या प्रवासी गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, रस्त्यावर चालणाऱ्या खऱ्या स्पोर्टी गाड्या १.५ ते २ च्या आसपास, रेसच्या त्याहून पुष्कळ वर. तो स्पोर्टी आकडा गुळगुळीत रस्त्यासाठी ठीक आहे. समृद्धी महामार्गावर तुम्ही १.८ वर सुखाने जाल. पण महामार्ग सोडून गावाकडे जायचंच असेल तर मी पुढे १.३ ते १.४५ च्या वर जाणार नाही, आणि चालक बसलेला असताना बंप स्टॉपपर्यंत मोकळे ३० मिलिमीटर तरी ठेवीन. याचा व्यवहारातला अर्थ असा: गाडी मूळ उंचीवर ठेवा, फार तर १० मिलिमीटर खाली घ्या, आणि धार कडकपणातून आणि शॉकपमधून काढा. रिमवरून मडगार्डपर्यंतची फट थोडी मोठी दिसेल. दिसू द्या.

ही तडजोड आहे असं समजू नका. लोटस या इंग्लिश स्पोर्ट्स कार कंपनीच्या गाड्या वळणावर इतकं नाव कमावून बसल्या ते स्प्रिंगा दगडासारख्या कडक ठेवून नाही. तिच्या १९६२ च्या एलान या गाडीमध्ये स्प्रिंगा मऊ होत्या आणि चाकांना भरपूर प्रवास दिलेला होता, अंगाला आवर घालायचं काम नेटक्या डॅम्पिंगचं, म्हणजे शॉकपच्या अटकावाचं. इंग्लंडच्या खडबडीत गावरस्त्यांवर ती गाडी चालायची आणि तिथेच नावाजली गेली. चाक रस्त्याला चिकटून राहिलं तरच पकड मिळते. कडक स्प्रिंग लाटेवरून चाक हवेत उडवते, आणि हवेतलं चाक वळवतही नाही, थांबवतही नाही.

शॉकप

स्प्रिंग ऊर्जा साठवते, शॉकप ती तेलातून जिरवतो. इतकंच त्याचं काम. शॉकप गाडीचं वजन पेलत नाही, म्हणून 'कडक शॉकप टाकला की गाडी खालून लागणार नाही' हा समज फारसा उपयोगी पडत नाही. प्रवास संपला की कडक शॉकपही आदळतोच, आणि तोवर तुमच्या पाठीला हादरे देतो.

स्प्रिंग बदलली की किती डॅम्पिंग वाढवायचं? लोक लागतं त्याच्या दुप्पट वाढवतात. लागणारं डॅम्पिंग कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतं. अठरा टक्के कडक स्प्रिंगला जेमतेम नऊ टक्के जास्त, अडतीस टक्के कडक स्प्रिंगला सतरा टक्के. म्हणजे १२.५ ची तार टाकणाऱ्याला चांगल्या स्थितीतला मूळ शॉकप पुरतो. थकलेला मूळ शॉकप पुरत नाही, ती वेगळी गोष्ट. १३ च्या तारेला मात्र जरा जास्त रिबाउंडचा शॉकप घ्यावा.

रिबाउंड म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा अटकाव, बंप म्हणजे दबताना होणारा. सर्वसाधारण गाडीत रिबाउंड बंपच्या दुप्पट-तिप्पट असतं, आणि कडक स्प्रिंगसोबत वाढवायचं ते रिबाउंडच. आपल्या रस्त्यांवर बंप मऊ ठेवा. त्यातही चांगला शॉकप हळू आणि झटपट हालचाली वेगळ्या हाताळतो. वळणात झुकणं, ब्रेकला नाक खाली जाणं, लाटेवर डुलणं या हालचालींत दांडी सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आत सरकते. खड्ड्यात तीच मीटरभर वेगाने आत जाते. हळू हालचालीत घट्ट आणि झटक्याला मोकळा होणारा व्हॉल्व्ह हवा. विकत घेताना दुकानदाराला हे विचारा. त्याच्याकडे बल आणि वेग यांचा आलेख असेल तर बंपची रेषा सुरुवातीला चढून नंतर आडवी होते का ते पाहा.

रिबाउंड फार वाढवलं की वेगळीच तक्रार येते, आणि ती ओळखायला अवघड असते. लागोपाठच्या खड्ड्यांवर चाक एकदा दबलं की पुढचा खड्डा येईपर्यंत ते पूर्ण उघडतच नाही. गाडी खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर चालते. मालक म्हणतो स्प्रिंग मऊ आहे, अजून कडक टाका. प्रत्यक्षात रिबाउंड दोन टिकल्या (नॉबचे टप्पे) कमी करायला हवं असतं. तुमच्या शॉकपला नॉब असेल तर, एका नॉबच्या बहुतेक शॉकपमध्ये तो मुख्यतः रिबाउंडच बदलतो. सर्वांत मऊ टोकापासून सुरू करा. लांब लाटेवरून गेल्यावर गाडी एकदा वर येऊन लगेच स्थिरावली की थांबा. त्यापुढे जाऊ नका.

ट्विन-ट्यूब की मोनोट्यूब, या प्रश्नाचं उत्तर ऋतू आणि रस्ता बघून द्यावं लागतं. ट्विन-ट्यूबमध्ये आतल्या नळीभोवती तेलाचा दुसरा कप्पा असतो. ४५ अंशांच्या मे महिन्यात, खराब रस्त्यावर सलग चालवलं की तेल पातळ होतं आणि गॅसशी मिसळून फेसाळतं, शॉकपचा जोर ओसरतो. संध्याकाळी गार झाल्यावर परत ठीक. दुपारी गाडी डुलते आणि सकाळी नाही, अशी तक्रार असेल तर हेच कारण धरा. मोनोट्यूबमध्ये नायट्रोजन जास्त दाबाने, सुमारे २० ते ३० बार, तरत्या पिस्टनच्या पलीकडे वेगळा कोंडलेला असतो. तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने लवकर निवतं. पण मागच्या बाजूला, जिथे नळी उघडी असते, तिथे गिट्टीचा दगड उडून साधा पोचा पडला तरी पिस्टन अडकू शकतो. ट्विन-ट्यूबला तोच पोचा बाहेरच्या नळीत पडतो आणि काम चालत राहतं. माझा कौल: पुढे दर्जेदार मोनोट्यूब किंवा गॅसचा ट्विन-ट्यूब, मागे ट्विन-ट्यूब. आणि मूळ उंचीसाठीचा शॉकप मूळ उंचीलाच, खाली घेतलेल्या गाडीचा आखूड दांडीचा शॉकप खाली घेतलेल्यालाच. बिलस्टाइनसारखे उत्पादक या दोघांसाठी बी६ आणि बी८ अशा वेगळ्या मालिका ठेवतात ते उगाच नाही.

मागची बाजू

इथे हौशी लोक घाई करतात. रिकाम्या गाडीत मागे एका चाकावर स्प्रिंगवरचं वजन १८५ किलो असेल आणि चाकाचा कडकपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर, तर मागचा आकडा १.६५ हर्ट्झ येतो. लग्नाला निघालात, मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा, मागच्या आसावर २०० किलो वाढले, की मागची बाजू जवळपास ५ सेंटिमीटर खाली बसते आणि तोच आकडा १.३३ वर येतो. मागून आधीच ३० मिलिमीटर खाली घेतलेल्या गाडीत मग काय उरणार? म्हणून घरच्या वापराची एकुलती एक गाडी असेल तर मागची उंची अजिबात कमी करू नका.

मागचा आकडा पुढच्यापेक्षा जास्तच हवा. मॉरिस ऑली या इंजिनिअरने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे मांडलं. गाडी लाटेवर आधी पुढून चढते, ताशी ८० च्या वेगाला मागची चाकं साधारण ०.११ सेकंदाने तिथे पोचतात. मागची बाजू जरा जलद डुलणारी असेल तर ती उशीर भरून काढते आणि गाडी नाकाने-शेपटीने झोके न घेता सपाट वरखाली होते. दहा-वीस टक्क्यांचा फरक पुरतो. पुढे १.३३ तर मागे भरलेल्या गाडीला १.४५ च्या आसपास येईल अशी स्प्रिंग शोधा.

बसवताना

स्ट्रटची स्प्रिंग दबलेली असते आणि सुटली तर माणूस मारू शकते. दोरी, साखळी, तार बांधून वरचं नट सोडणाऱ्या ठिकाणी गाडी देऊ नका. चांगल्या स्थितीतला स्प्रिंग कंप्रेसर असल्याची खात्री करा.

शॉकपसोबत बंप स्टॉप, बूट, स्ट्रट माउंट आणि त्याचं बेअरिंग एकाच वेळी नवं टाका, आणि दोन्ही बाजूंना. हे सुटे भाग शॉकपच्या मानाने स्वस्त असतात, पण शॉकपचं आयुष्य त्यांच्यावरच आहे. वरचं नट आवळताना दांडी पकडीने धरायची नाही. तिच्या टोकाला षटकोनी खाच किंवा चपटी कड दिलेली असते, तिथेच पाना लावायचा. दांडीवर एक ओरखडा पडला की सील त्यावर घासून जाणार. ट्विन-ट्यूब शॉकप आडवा ठेवलेला आला असेल तर उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून आतली हवा काढा, नाहीतर नवा शॉकपही पहिल्या दिवशी पोकळ वाटेल.

लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी तिच्या उंचीवर आल्यावरच शेवटचं घट्ट आवळा. लोंबकळत्या अवस्थेत आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. मग तोच 'टक' आवाज येतो आणि दोष नव्या शॉकपला जातो. थोडं चालवून स्प्रिंग बसली की अलाइनमेंट करून घ्या.

टायरचाही विचार याच वेळी करा. १८५/६० आर१५ काढून १९५/५० आर१६ घातले तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण बाजूची भिंत १११ वरून ९७ मिलिमीटरवर येते. चौदा मिलिमीटर उशी गेली, आणि खड्ड्याची धार रिमला आणि शॉकपला थेट लागते. शॉकप वारंवार जाणाऱ्या गाडीला मी मोठं रिम सुचवणार नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला आडकाठी घालतं. म्हणून उंची मूळच्या जवळ ठेवणं या बाजूनेही बरं. स्प्रिंग बदलण्याआधी विमा कंपनीला विचारून घ्या.

सगळं झाल्यावर केबल टाय परत बांधा आणि तोच रस्ता, तोच वेग. टाय आता बंप स्टॉपच्या सुरुवातीला पोचून थांबत असेल तर जमलं. पोचतच नसेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ते वळणातल्या खडबडीत जागी लगेच जाणवेल. टाय अजूनही टोकाला जात असेल तर आधी रिबाउंड कमी करून पाहा, मगच स्प्रिंगकडे वळा. दांडीवर तेलाचा हलका ओलसरपणा चालतो. नळीवरून खाली ओघळ आला आणि त्याला धूळ चिकटली तर सील गेलं.

सगळ्याला एकदम पैसे नसतील तर आधी मूळ स्प्रिंगा परत बसवा आणि त्यांवर चांगले शॉकप, नवे बंप स्टॉप आणि नवी बुटं टाका. धारेतला बराचसा फरक इथेच मिळतो. स्प्रिंगा पुढच्या हंगामात घ्या, धरमकाट्याचा आकडा हातात घेऊन.